एकाच आयडीवर सहा जण, आणि आता कंपनीच्या वकिलाचा मेल

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. जळगाव एमआयडीसीजवळ तुमचं ड्रॉइंगचं ऑफिस, सहा माणसं, केळीच्या रायपनिंग चेंबरची आणि गोडाऊनची ड्रॉइंग काढता, कॅडचं (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स एकच आणि पासवर्ड सगळ्यांना माहीत, वर दोन लॅपटॉपवर क्रॅक व्हर्जन, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, आणि आता कंपनीच्या वकिलाचा मेल आलाय की सॉफ्टवेअर किती मशीनवर आहे ते फॉर्म भरून कळवा. सहा लायसन्स घेऊ की ओळखीतला माणूस स्वस्तात लाइफटाइम की (सॉफ्टवेअर कायमचं चालू करायचा कोड) देतोय ती घेऊ, असं विचारताय.

ती की घेऊच नका. फर्मच्या नावाचं बिल नाही, कंपनीकडे नोंद नाही, उद्या कोणी विचारलं तर दाखवणार काय?

आधी मेलचं बघू. क्रॅकवर काम करणं आजच बंद करा, पण घाबरून लॅपटॉप फॉरमॅट मारू नका, पुरावा नष्ट केला असा अर्थ निघतो आणि प्रकरण चिघळतं. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 63बी सांगतं की बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून वापरली तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, तुमचा तर धंद्यासाठीच आहे, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. फॉर्म लगेच भरून सही करू नका, आधी त्या वकिलाकडून कंपनीचं अधिकारपत्र मागा आणि तुमच्या लायसन्सच्या करारात ऑडिटचं, म्हणजे कंपनीला तुमचा वापर तपासू देणारं, कलम आहे का ते बघा. उत्तर मात्र मुदतीत आणि लेखीच द्या, खोटा आकडा अजिबात लिहू नका. आणि नवीन लायसन्स घेतली म्हणजे जुनी भानगड मिटली असं समजू नका हो, इथंच खूप जण फसतात, तडजोड झाली तर मागचे सगळे दावे मिटले असं कंपनीकडून लेखी घ्या, त्याशिवाय पैसे सोडू नका.

आता निवड. कॉम्प्युटर मोजू नका, ड्रॉइंग काढणारे हात मोजा. तुम्हीच लिहिलंय की दिवसभर कॅडवर तिघंच असतात, बाकीचे फक्त फाइल उघडून प्रिंट काढतात किंवा माप बघतात, त्यांना फुकटचा व्ह्यूअर (फक्त फाइल बघायचा प्रोग्राम) पुरतो. म्हणजे माणसाच्या नावावरची तीन वार्षिक लायसन्स, आणि सीझनला काम वाढलं की एखादं महिन्याचं. एका वेळी अमुक जण वापरतील असं फ्लोटिंग लायसन्स दोन शिफ्टवाल्यांना खरंच परवडतं, पण सगळ्या कंपन्या देत नाहीत, विचारून घ्या. साध्या 2डी कामाला लिब्रेकॅड हे फुकटचं कॅडही चालतं, त्याचं लायसन्स जीपीएल (खुल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स) आहे, धंद्यात वापरायला पैसे लागत नाहीत आणि जीपीएलची अट प्रोग्राम वाटण्यावर आहे, तुमच्या ड्रॉइंगवर नाही. फक्त डीडब्ल्यूजी (कॅड ड्रॉइंगचा एक फाइल प्रकार) फाइली नीट उघडतात का ते आधी एका जुन्या चेंबरच्या ड्रॉइंगवर बघा.

बिल फर्मच्या नावानं आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या, लॉगिनही ऑफिसच्या मेल आयडीवर ठेवा, ऑफिसातला एखादा पोरगा पुण्याला नोकरीला गेला तर लायसन्स त्याच्याबरोबर जायला नको.