'अमानुष' कौशल्य की 'दैवी'?

प्रश्न असा आला आहे: वेरूळच्या कैलास लेण्याचं वर्णन करताना 'अमानुष कौशल्य' म्हटलेलं चालेल का? की 'अमानवी' किंवा 'दैवी' लिहावं?

'अमानुष' नकोच. संस्कृतात त्याचा अर्थ 'माणसाचं नव्हे ते' एवढाच, म्हणून दैवी गोष्टींनाही तो लागे. मराठीत मात्र तो मारहाण आणि छळ यांनाच चिकटला आहे. 'अमानवी' वाचलं की भुताखेतांची गोष्ट आठवते. राहिला 'दैवी'. 'दैवी आवाज', 'दैवी देणगी' असं आपण सहज बोलतो, ते कौतुकच असतं. पण कैलासाच्या बाबतीत माझा या शब्दाला विरोध आहे, कारण इथे तो शब्दशः खरा मानणारे बरेच आहेत. एवढा डोंगर माणसं कोरूच शकत नाहीत, असं म्हणून कुणी देवाला पुढे करतं, तर हल्ली कुणी परग्रहवासीयांना.

तसं हे आश्चर्य जुनंच आहे. लाटचा (आजच्या दक्षिण गुजरातचा) राष्ट्रकूट राजा कर्क याच्या इ.स. 812 च्या सुमाराच्या बडोदा ताम्रपटात त्याच घराण्यातल्या कृष्णराजाने एलापुरात, म्हणजे वेरूळला, करवलेल्या शिवमंदिराचं वर्णन येतं. अभ्यासक ते सहसा कैलासच मानतात. विमानांतून जाणारे देव ते पाहून म्हणतात, हे स्वयंभूच असणार, 'कृत्रिम' वस्तूत अशी शोभा दिसत नाही. (कृत्रिम म्हणजे तिथे हातानं घडवलेलं, नकलीपणाची छटा नाही.) पण कवी देवांपाशी थांबत नाही. लगेच तो शिल्पकारालाच बोलायला लावतो: हे मी कसं काय केलं! स्वतः थक्क झालेला तो माणूसही 'मी केलं' असंच म्हणतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारागिरांची स्वतःची भाषा तर आणखी साधी आहे. कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यात ब्राह्मी लिपीत कोरलंय: 'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं', म्हणजे कण्हाचा शिष्य बलक, त्यानं केलं. गुरूचं नाव आहे, शिष्याचं आहे आणि 'कतं' हे क्रियापद. शिकवणारा होता, शिकणारा होता, हे त्या एका ओळीत आलं. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात सापडलेल्या यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनारानं, 'हिरण्यकारा'नं, ती घडवल्याचं लिहिलं आहे. कार्ल्याला दर्शनी भागाचं काम करणारा धेनुकाकट या गावचा सामी स्वतःला 'वढकी' म्हणवतो, संस्कृत 'वर्धकि', म्हणजे सुतार. कान्हेरीला 'सेलवढकी' भेटतात, दगडाचे सुतार. आपला 'पाथरवट' त्यांच्याच कुळातला.

आणि या लोकांची पद्धतही लपलेली नाही. कैलास माथ्याकडून खाली कोरत आणला आहे. आधी डोंगरात खोल चर खणून मधला खडक सुटा केला आणि मग शिखरापासून जोत्याकडे काम उतरत गेलं. असं करताना उंच परांच्या बांधाव्या लागत नाहीत, मात्र एकदा जास्त कापलेला दगड परत जोडता येत नाही. डोक्यात आराखडा पक्का हवा आणि हात तयार हवा. काम टप्प्याटप्प्यानं कसं पुढे जाई हे बघायचं असेल तर अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं अर्धवट राहिलेलं लेणं बघा. टाकीचे घाव अजून दिसतात.

तेव्हा तुमच्या वाक्यात 'पाथरवटांचं थक्क करणारं कौशल्य' लिहा. भारदस्त विशेषणच हवं असेल तर 'लोकोत्तर' चालेल, पण 'पाथरवटांचं' हा शब्द गाळू नका.