बीज बँकेतून वाघ्या घेवड्याचं बी उसनं घेतलंय, साताऱ्यात परसात लावतोय. परत द्यायचं बी कसं धरायचं?

सुरुवातीला घेवडा घेतलात हे बरं केलंत. कोरेगावकडचं हे वाण स्वपरागी, म्हणजे फुलाला स्वतःच्याच परागानं फळधारणा होते; त्यामुळे शेजारी दुसरा घेवडा असला तरी भेसळ क्वचितच. (भोपळ्याचं तसं नाही, तिथे मधमाश्या घोळ घालतात.) झाडं वाढली की जोमदार, निरोगी झाडांना रंगीत दोरा बांधा, म्हणजे त्यांच्या शेंगा बियाण्यासाठी राखायच्या हे लक्षात राहील. आमच्या आईनं बियाण्याच्या शेंगा कोवळ्या असतानाच भाजीला तोडल्या होत्या!

शेंग झाडावरच वाळून खुळखुळली की काढा आणि दाणे सावलीत सुकवा. दाण्यात नख रुतलं तर अजून ओल आहे. नंतर राख चोळून बरणीत भरा, वर वाणाचं नाव नि साल लिहा. बहुतेक बीज बँका घेतल्याच्या दुप्पट बी परत मागतात. दुकानातल्या संकरित वाणाचं बी मात्र त्यात मिसळू नका, पुढच्या पिढीत ते एकसारखं उतरत नाही.