इन्सेंटिव्ह सुरू झाला आणि कामावरचं मन उडालं

ऐरोलीत एका कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये नऊ वर्षं काम करणारी एक जण समुपदेशनासाठी माझ्याकडे ठाण्याला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, मी आळशी झालेय का हो? सकाळी ट्रान्सहार्बरची लोकल पकडायची म्हटलं तरी पोटात गोळा येतो."

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. आळस त्यात क्वचितच असतो.

आठ महिन्यांपूर्वी तिच्याकडे दिवसाला किती कॉल उरकले यावर इन्सेंटिव्ह सुरू झाला. दर शुक्रवारी बोर्डावर सगळ्यांचे आकडे. पूर्वी एखाद्या आजोबांना मोबाइलवरून बिल कसं भरायचं, हे ती वीस-वीस मिनिटं समजवायची. "आता त्यांचा आवाज ऐकला की मला घड्याळच दिसतं," हे सांगताना ती रडली.

मी तिला लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा प्रयोग सांगितला. चित्रं काढायची आवड असलेली ३ ते ५ वर्षांची मुलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती.

मी पैशाच्या विरोधात नाही. घराचे हप्ते कौतुकावर फिटत नाहीत, आणि कंटाळवाण्या, मोजता येणाऱ्या कामात इन्सेंटिव्हचा उपयोगही होतो. पण समोरच्याचं नीट ऐकून घेणं हेच जिथे काम, तिथे नुसते कॉल मोजले तर माणसं कॉलच उरकणार. तिच्यातली माया आटली नव्हती, तिला जागा उरली नव्हती.

दोन आठवडे तिने एका वहीत फक्त एवढंच टिपलं: आधी नीट उत्तर न मिळाल्यामुळे पुन्हा आलेले कॉल किती. मग ती वही घेऊन टीम लीडरकडे गेली. जाण्याआधी आम्ही ते बोलणं तीनदा घोकलं, कारण तक्रार करतेय असं वाटायची तिला फार भीती. त्याच्यावरही वरून दडपण होतंच, तरी एक महिना पुन्हा येणारे कॉलही मोजून बघू, असं तो म्हणाला.

त्या महिन्यात तिला इन्सेंटिव्ह मिळाला नाही. पुढच्या भेटीला आली तेव्हा ते तिने शेवटी, उठता उठता सांगितलं. त्याआधीचा पाऊण तास ती एका आजींच्या कॉलबद्दल बोलत होती.