‘पासून’ नावाचा चकवा

प्रश्न : इंग्रजी वाचलेलं समजतं, व्याकरणही बऱ्यापैकी येतं. पण लिहायला बसलं की वाक्य मराठीतून उचलून ठेवल्यासारखं वाटतं. रोज एक पान लिहूनही फरक पडत नाही. काय करावं?

उत्तर : नुसतं लिहीत राहिलं तर कालचीच चूक आज पुन्हा घोटली जाते. लिहिलेलं कशाशी तरी ताडून पाहायला हवं. अमेरिकन लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी हेच केलं. लंडनला १७११ साली सुरू झालेल्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातले निबंध घेऊन ते वाक्यावाक्याचा आशय थोडक्यात टिपायचे. मग काही दिवस जाऊ द्यायचे, टिपणांवरून निबंध पुन्हा लिहायचे आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करायचे.

तुम्हाला अख्खा निबंध नको, सव्वाशे-दीडशे शब्दांचा उतारा पुरे. तोही आजच्या एखाद्या लेखातला घ्या, जुन्या कादंबरीतला नको. दर वाक्याला तीन-चार शब्द टिपा, आणि तेही मराठीत, म्हणजे मूळ इंग्रजी शब्द समोर राहत नाहीत. दोन दिवस मध्ये जाऊ द्या. त्याच दिवशी लिहिलंत तर पाठांतराची परीक्षा होते, लेखनाची नाही. मग मूळ उघडून फरक दुसऱ्या रंगाच्या पेनाने खुणवा. शब्द वेगळा पण अर्थ तोच असेल तर सोडून द्या, ती चूक नव्हे. आर्टिकल, प्रिपोझिशन आणि क्रियापदाचं रूप या तीन जागा मात्र सोडू नका. तिथली चूक पूर्ण वाक्यासकट वहीत उतरवा. सुटा शब्द लिहून ठेवला तर महिन्याभराने तो का लिहिला हेच आठवत नाही. आठवड्याला असे दोन उतारे भरपूर झाले.

प्रश्न : ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ हे माझ्या अर्जातलं वाक्य चुकीचं ठरलं. नेमकं काय चुकलं?

उत्तर : दोन गोष्टी, आणि दोन्ही ‘दोन वर्षांपासून काम करतो आहे’ या मराठी वाक्यातून आलेल्या. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन दिवसांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत ही कामं वाटलेली आहेत : सुरुवात कधी झाली ते सांगायला ‘सिन्स’, किती काळ झाला ते सांगायला ‘फॉर’. दुसरं, काम आधी सुरू होऊन अजून चालू असेल तर ‘अ‍ॅम वर्किंग’ पुरत नाही. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. साल द्यायचं असेल तर शेवट ‘सिन्स २०२१’ असा.

‘डिस्कस अबाउट’ हाही याच घरातला. ‘विषयावर चर्चा’मधला ‘वर’ तिथे ‘अबाउट’ होऊन घुसतो. ‘वुई डिस्कस्ड द प्लॅन’ एवढंच हवं. गंमत म्हणजे नाम आलं की ‘अबाउट’ बिनदिक्कत चालतं : ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’.

प्रश्न : स्वरापूर्वी ‘अ‍ॅन’ येतो, मग ‘अ युनिव्हर्सिटी’ कसं?

उत्तर : अक्षर पाहू नका, उच्चार ऐका. ‘युनिव्हर्सिटी’ची सुरुवात ‘य’ने होते, म्हणून ‘अ’. ‘अवर’मधला एच मुका, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. आणि ‘एमबीए’मधला एम उच्चारात ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन एमबीए’.