एका चाहत्याने विचारलंय: २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगच्या (देशातली फुटबॉल लीग) पहिल्या तीन मॅचमध्ये एकही विजय नाही. मुंबई सिटीच्या या सीझनवर आता पाणी सोडावं का?

नाही. आणि ऑक्टोबर महिन्यात हा प्रश्न विचारूच नये.

तुम्ही लिहिलंय की मोहन बागानशी २-२, जमशेदपूरकडून २-३ हार, परवा अंधेरीत बेंगळुरूशी ०-०. तीन मॅच, दोन पॉइंट. आपल्या टीममधला अपुइया कोलकात्याला गेला, भेके आणि दियाझ बेंगळुरूला गेले, आणि दरवर्षी ऑगस्टपासून आशा लावून बसायचा तुम्हाला कंटाळा आलाय. कंटाळा मला समजतो. पण ‘पहिल्या तीन मॅचमध्येच कळतं’ हे जे तुमचं वाक्य आहे ना, ते मी गेली कित्येक वर्षं माझ्या भावोजींच्या तोंडून ऐकतोय. म्हणून लिहायला बसलो.

भावोजी मडगावचे. घरापासून फातोर्डा स्टेडियम चालत जाण्याइतकं जवळ. एफसी गोवा सुरू व्हायच्या आधीपासून साळगावकर, धेंपो, चर्चिल हे गोव्याचे जुने क्लब बघत वाढलेला माणूस. फुटबॉलचं त्यांना कळतं, यात वाद नाही. वाद एवढाच की मुंबईला फुटबॉल कळत नाही असं त्यांचं ठाम मत आहे आणि टीम कुठे जाणार ते दिवाळीच्या आत सांगता येतं, हे दुसरं.

२०१८ चा ऑक्टोबर. दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता. मी कोकणकन्येने मडगावला गेलो, ताईकडे राहायला आणि २४ तारखेची गोवा-मुंबई मॅच बघायला. तो सीझनही आजच्यासारखाच सुरू झाला होता. नवा कोच जॉर्ज कोस्टा, घरच्या मैदानावर पहिलीच मॅच जमशेदपूरने २-० ने जिंकलेली, मग कोचीला शेवटच्या क्षणी मिळवलेली बरोबरी. पुण्याला हरवलं तेव्हा जरा जीव आला होता. तिकिटं भावोजींनी काढली होती, त्यामुळे जागा अर्थातच गोव्याच्या स्टँडमध्ये. चहूकडे नारिंगी आणि मधे मी एकटा फिकट निळ्या जर्सीत. ताई म्हणाली होती, वरून साधा शर्ट घाल. मी घातला नाही.

सहाव्या मिनिटाला पेनल्टी. गोव्याच्या कोरोने मारली, आत. हाफटाइमला १-०. मी भावोजींना म्हणालो, अजून काही बिघडलेलं नाही, आपली टीम बॉल बरा ठेवतेय. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये जॅकीचंदने दुसरा मारला, एदू बेदियाने तिसरा, आणि मग आमचा मिडफिल्ड मैदानावर आहे की नाही हेच दिसेना. बॉल गेला की परत मिळवायला कुणी धावत नव्हतं. सेंटर बॅक एकमेकांकडे बघत हात वर करत होते. शेवटच्या काही मिनिटांत पालांकाने आणखी दोन घातले. ५-०. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. मी घेतली. त्या स्टँडमध्ये मला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, हेही सांगायला हवं. गोव्याचं पब्लिक जाणतं आहे.

परतताना भावोजींनी गाड्यावर रस ऑम्लेट खाऊ घातलं. तिथेही गप्प. घरी आल्यावर मात्र भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं, ऑक्टोबरच्या पानामागे पेनने लिहिलं, ‘मुंबई – आठवी’, आणि खाली सही केली. म्हणाले, ‘‘पळय, टीमचं ऑक्टोबरातच कळतं. पुढचं नुसतं टाइमपास. तुमच्या मुंबईत पैसा आहे रे, फुटबॉल नाही.’’

त्यांचं पहिलं वाक्य मी सोडून दिलं असतं. शेवटचं नाही सोडलं. माझे वडील मला कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर घेऊन जायचे. ज्या शहरात १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला गेला, ज्या शहराच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली, त्या शहरात फुटबॉल नाही? आणि ती टीम २०१० मध्ये बंद झाली. हरून नाही, मालकांनी बंद केली म्हणून. मग मुंबई एफसी आय-लीगमधून खाली गेली २०१७ साली आणि संपली. पुण्याचंही तेच, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळली गेली आणि तिच्या जागी हैदराबाद आलं. टीम हरणं म्हणजे काय आणि टीमच नसणं म्हणजे काय, यातला फरक मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. सीझनच्या सुरुवातीला आशा लावून बसणारा माणूस भाबडा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्या गावातली टीम कधी बंद पडलेली नसते.

तर कालनिर्णयाचं पुढे काय झालं ते ऐका. त्या पाच गोलांनंतर कोस्टाने टीम घट्ट बांधली. मुंबई आठवड्यामागून आठवडा हरेनाच. डिसेंबरमध्ये केरळला ६-१, सूगूचे एकट्याचे चार गोल. लीग संपली तेव्हा मुंबई दहा टीममध्ये तिसरी होती. आठवी नाही, तिसरी. मी ताईला फोन करून ते पान फोटो काढून पाठवायला सांगितलं. तिने पाठवलं. अजून आहे माझ्याकडे.

हो, पुढे सेमीफायनलला अंधेरीत गोव्याने आम्हाला ५-१ हरवलं. भावोजी आजही हेच पुढे करतात, की बघ, मार्च आणि ऑक्टोबर सारखाच निघाला. पण तो वेगळा मुद्दा आहे. त्यांचं भाकीत टेबलबद्दल होतं, आणि टेबलात ते पाच जागांनी चुकले. शिवाय त्यांच्याच नियमाने गोव्याने तो कप उचलायला हवा होता, कारण ऑक्टोबरमध्ये त्यांच्याइतकं सुंदर कुणीच खेळत नव्हतं. फायनल अंधेरीतच होती. भावोजी आमच्याकडे उतरले होते, शेजारी बसून पाहिली. गोव्याच्या जाहूला एक्स्ट्रा टाइममध्ये लाल कार्ड, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून बेंगळुरूला कप दिला तो राहुल भेकेने. मुंबईचा पोरगा! ज्या शहरात फुटबॉल नाही म्हणतात, त्या शहराचा. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, कारण तुम्हाला खरा पुरावा हवा असेल तर २०२०-२१ चा सीझन घ्या. सगळ्या मॅच गोव्यातच, बंद दारांआड. भावोजी गच्चीवरून फ्लडलाइट बघायचे आणि मॅच टीव्हीवर. मुंबईची पहिली मॅच नॉर्थईस्टशी: जाहूला हाफटाइमच्या आतच लाल कार्ड (तोच जाहू, आता आमच्याकडे आलेला), मग त्यांच्या अप्पियाची पेनल्टी, ०-१. नवा कोच लोबेरा, त्याचा एवढा गाजावाजा केला आणि पहिल्याच दिवशी हार. त्या रात्री तुमच्यासारखे प्रश्न शेकड्यांनी विचारले गेले. चार दिवसांनी गोव्याशी मॅच, अगदी शेवटच्या मिनिटांत आपल्या ले फाँड्रची पेनल्टी, १-०. तिथून बारा मॅच अपराजित. २८ फेब्रुवारीला मोहन बागानला २-० हरवून लीग शील्ड (टेबलात पहिलं येणाऱ्याला मिळते ती), आणि १३ मार्चला फातोर्ड्यात त्यांच्याचविरुद्ध ९० व्या मिनिटाला बिपिनचा गोल आणि कप. मधे सेमीफायनलमध्ये गोव्याला पेनल्टी शूटआउटवर बाहेर काढलं, शेवटची पेनल्टी मारणारा रोलिन बोर्जेस, तोही गोंयकार.

यावर भावोजींचं ठरलेलं उत्तर आहे: कोच आमचा, जाहू आमचा, फॉल आमचा, बुमू आमचा, मंदारसुद्धा आमचा, तुम्ही फक्त विकत घेतलं. पण लोबेराला गोव्याने स्वतः काढलं होतं, २०२० च्या सुरुवातीला, लीग संपत आलेली असताना आणि टीम वर असताना. ज्याला तुम्ही घराबाहेर काढलंत, तो शेजाऱ्याकडे जेवला तर तक्रार कसली? आणि खेळाडू येणार-जाणारच. गेल्या मे महिन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून आपण कप जिंकला, त्या फायनलमध्ये आपला पहिला गोल मारणारा परेरा दियाझ या सीझनला बेंगळुरूत आहे. नोगुएरा पण तिथेच. ज्या भेकेसाठी मी टाळ्या वाजवल्या, तो आपल्याकडे खेळून, कप उचलून, परत तिकडे गेला. परवा अंधेरीत ०-० झालं तेव्हा समोर तो उभा होता. वाईट वाटतं. पण ब्रँडन फर्नांडिस गोवा सोडून आपल्याकडे आलाय, हेही त्याच हिशोबात धरा.

आणि एप्रिलमधली ती सेमीफायनल विसरलात का हो तुम्ही? फातोर्डा, गोवा २-०, दुसरा गोल ब्रँडनचाच. नव्वदावं मिनिट आलं तरी २-०. भावोजींनी मला ‘शुभ रात्री’ असा मेसेज पाठवला होता. मग छांगटे, एका मिनिटात विक्रम प्रताप, आणि भरपाईच्या वेळेत पुन्हा छांगटे. ३-२. जी टीम सहा-सात मिनिटांत एवढं करू शकते, तिचा हिशोब तीन मॅचवर कसा लावता? लीगमध्ये प्रत्येकाला चोवीस मॅच आहेत.

बघायचंच असेल तर स्कोअर नका बघू. कोलकात्यात दोन गोलांनी मागे पडून, भरलेल्या सॉल्ट लेकसमोर टीम परत आली. पहिल्याच दिवशी मान टाकणाऱ्या टीमला हे जमत नाही. मिडफिल्ड नवीन आहे. अपुइयाची जागा भरायला वेळ लागणार. फान निफ आणि तोराल यांना एकमेकांच्या पासची सवय व्हायला दिवाळी उजाडेल. पुढे कारेलिसला बॉल वेळेवर मिळतोय का ते बघा. मागे तिरीच्या शेजारी रोज तोच माणूस उभा राहतोय की प्रत्येक मॅचला बदलतोय, ते बघा. आपल्याकडे परदेशी खेळाडू उशिरा येतात, भारतीय खेळाडू मधेच देशाच्या कॅम्पला जातात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात सत्तराव्या मिनिटानंतर सगळ्यांचेच पाय जड होतात. क्रॅटकी तोच कोच आहे ज्याने गेल्या वर्षी आधीचा कोच बकिंगहम इंग्लंडला निघून गेल्यावर मधूनच टीम हातात घेतली आणि कप आणला. त्याला डिसेंबरपर्यंत तरी द्या.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. सुरुवात चांगली झाली म्हणूनही काही होत नाही. २०२१-२२ ला आपण गोव्याला ३-० ने हरवून सुरुवात केली, मोहन बागानला ५-१ चोपलं, टेबलात वर होतो, आणि जानेवारीत असे घसरलो की पाचवे आलो, पहिल्या चारांतही नाही. दुसरं म्हणजे ऑक्टोबरचे पॉइंट फेब्रुवारीच्या पॉइंटइतकेच असतात. २०२१ ची शील्ड दोन्ही टीमचे ४०-४० पॉइंट होऊन एकमेकांविरुद्धच्या निकालावर ठरली. म्हणजे जमशेदपूरकडे घालवलेले तीन पॉइंट मार्चमध्ये टोचू शकतात. शील्ड या वर्षी कठीण वाटते मला, मोहन बागानची टीम फार भरलेली आहे. पण पहिल्या सहात येऊन प्लेऑफ खेळणं हातचं आहे, आणि प्लेऑफला काय होतं ते एप्रिलमध्ये पाहिलंच.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मात्र मला खटकली: ‘पुढची घरची मॅच बघायला जाणार नाही’. कृपा करून असं करू नका. अंधेरीचं मैदान लहान आहे, तिथे पन्नास माणसं कमी आली तरी दिसतं. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आपल्या फॅन क्लबची पोरं नव्वद मिनिटं ढोल बडवतात, त्यांच्या शेजारी रिकाम्या खुर्च्या असल्या की टीव्हीवर तेवढ्याच दाखवल्या जातात, आणि मग भावोजींसारखे लोक म्हणतात, बघा, मुंबईत फुटबॉल नाही. कूपरेजवर महिंद्राच्या शेवटच्या वर्षांत स्टँडमध्ये किती जागा मोकळ्या असायच्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. टीम बंद करणाऱ्याला कारण हवं असतं, आपण ते हातात द्यायचं नाही.

१९ तारखेला फातोर्ड्यात गोव्याशी मॅच आहे. मी जातोय, त्याच स्टँडमध्ये बसणार आहे, भावोजींनी तिकिटं काढली आहेत. कालच फोनवर म्हणाले की या वर्षी मुंबई सातवी. मी ताईला सांगितलंय, लिहून घे आणि सही घे.