विलोम म्हणजे विरुद्धार्थी नव्हे, आणि राम उलटा केला की मार होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मजकूर उलटा करून देणाऱ्या एका ऑनलाइन टूलचं मराठीकरण करतोय. रिव्हर्सच्या बटणावर 'विलोम शब्द' लिहिलं तर चालेल का? आणि त्यात 'रामाला भाला मारा' टाकलं की उलटं तेच यायला पाहिजे ना, मग भलतंच काहीतरी का येतं?"

बटणावर 'विलोम शब्द' नको. लोक ते वाचून तिथे 'गरम' टाकतील आणि 'थंड' येईल म्हणून वाट बघत बसतील. हिंदीच्या शाळेत विरुद्धार्थी शब्दाला विलोम शब्द म्हणतात, त्यांचं त्यांच्यापाशी ठीक आहे, पण हल्ली मराठी माध्यमाच्या पोरांचे स्पर्धा परीक्षावाले सर पण व्हिडिओत "चला आज विलोम शब्द बघू" म्हणतात तेव्हा खरंच डोकं फिरतं. आपल्याकडे विरुद्धार्थी हा चांगला धडधाकट शब्द आहे की. काळाचा विरुद्धार्थी पांढरा. काळाचा विलोम करायचाच झाला तर तो ळाका.

आता विलोम. याची फोड ऐकली की मला दरवेळी आनंद होतो. वि अधिक लोम, आणि लोम म्हणजे केस, अंगावरची लव. आपल्या मराठीतली गालावरची 'लव' पण याच लोमन् ची पोर, आणि रोमांच, रोमरोम मधला रोम हा त्याचाच भाऊ, र-ल ची अदलाबदल संस्कृतात नेहमीचीच. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, ते अनुलोम, मांजर खूष. शेपटीकडून डोक्याकडे फिरवा, ते विलोम, आणि मग काय होतं ते तुमचं तुम्ही बघा. म्हणजे वस्तू तीच, केस तेच, बदलते ती फक्त जायची दिशा. यात अर्थ उलटा होण्याचा संबंधच कुठे येतो? प्राणायामातलं अनुलोम-विलोम तरी काय, श्वास तोच, नाकपुड्यांचा क्रम उलटा. आणि प्रतिलोम विवाह वगैरे धर्मशास्त्रात आहे तिथेही चढती-उतरती दिशाच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर प्रोग्रामरनं द्यायला हवं, पण त्यांनी दिलेली उत्तरं वाचली आहेत म्हणून मीच देतो. "देवनागरी गुंतागुंतीची लिपी आहे हो" हे उत्तर नाही, ती पळवाट आहे. आपल्याकडे उलटं वाचायची दोनच मापं होती, एक अक्षर आणि एक वर्ण. अक्षरानं उलटं केलं तर रा-म चं होतं म-रा, वाल्या कोळ्यापासून सगळ्यांना माहीत आहे. वर्णांनी करायचं तर र्, आ, म्, अ असे सुटे करून मागून वाचा, ते कुणी करत नाही. टूल करतं ते तिसरंच, कॉम्प्युटरमध्ये साठवलेले तुकडे ते मागून पुढे लावतं. 'राम' साठवला जातो तो र, काना, म असा. उलटा केला की म, काना, र, म्हणजे 'मार'. आणि 'मरा' टाकलात तर कान्यानंच सुरुवात होते, बिचारा काना टिंबांच्या गोलाला लटकतो आणि पुढे 'रम'. वाल्या कोळ्यानं हे टूल वापरलं असतं तर तो अजून वारुळातच असता. (वेलांटीचं तर अजून एक त्रांगडं, 'चि' मधली पहिली वेलांटी दिसते च च्या आधी पण साठते च च्या नंतर.)

तुमचं वाक्य टाकलं की शेवटी 'र' उघडा पडतो, सुरुवातीला एक अनाथ काना येतो, आणि मध्ये चक्क राम आणि लाभ दिसतात, एकेक लटकता काना घेऊन. तो कचरा नाही, टूल इमानदारीनं चुकीचं काम करतंय. काही टूल काना-मात्रा त्या त्या अक्षरासोबत बांधून उलटं करतात, तिथे 'रामाला भाला मारा' ची अक्षरं बरोबर येतात, फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागा सरकतात. पण जोडाक्षर आलं की त्यातलीही बरीच आडवी होतात, 'भक्ती' चा क् वेगळा आणि ती वेगळी धरतात आणि 'तीक्भ' असलं काहीतरी काढतात. युनिकोडवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांचं प्रमाण ठरवणाऱ्यांनी, जोडाक्षर एकत्र धरायचा नियम घातला तो २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत, त्यामुळे ज्या टूलच्या मागचं सामान त्याच्या आधीचं आहे तिथे ही बोंब राहणारच. अक्षरं 'डोक्यावर उभी' करायचा पर्याय तर मराठीतून काढूनच टाका, तिथे अक्षर फिरवत नाहीत, आधीच उलट्या आकाराचं जे दुसरं चिन्ह युनिकोडमध्ये आहे ते आणून बसवतात, रोमन लिपीला अशी चिन्हं उच्चार लिहायच्या ध्वनिलिपीतून आयती मिळाली, देवनागरीला नाहीत. बटणांवर सरळ लिहा, 'अक्षरं उलटी करा', 'शब्दांचा क्रम उलटा', 'ओळींचा क्रम उलटा'. झालं.

या निमित्तानं एक सांगतो, मराठीत मिरवली जाणारी निम्मी उलटसुलट वाक्यं शुद्धलेखनात नापास आहेत. 'चिमा काय कामाची' घ्या, सुरुवातीला चि ऱ्हस्व, शेवटी ची दीर्घ. 'तो कवी डालडा विकतो' मध्ये वी आणि वि. 'भाऊ तळ्यात उभा' मध्ये ऊ आणि उ. 'शिवाजी लढेल जिवाशी' तर दोन ठिकाणी पडतं. कारण उघड आहे, मराठीत शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ लिहायचा, तो उलटून शब्दात आत आला की तिथे बहुतेक वेळा ऱ्हस्व लागतो, म्हणजे आपले नियमच या खेळाच्या विलोम आहेत. खरी पास होणारी म्हणजे 'ती होडी जाडी होती', 'टेप आणा आपटे', 'हाच तो चहा'. बाकीची कानानं पास, डोळ्यानं नापास.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन महिन्यांनी ते राघवयादवीयम् फिरतं, सरळ वाचा तर राम, उलट वाचा तर कृष्ण, जगातला एकमेव ग्रंथ वगैरे. काव्य थोर आहे, वाद नाही. कांचीकडच्या वेंकटाध्वरीचं, सतराव्या शतकातलं, तीस श्लोक सरळ आणि तेच तीस उलटे. पण एकमेव? त्याच्या आधी सोळाव्या शतकात दैवज्ञ सूर्यकवीनं रामकृष्णविलोमकाव्य लिहिलंय आणि हा माणूस पार्थपूरचा, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातली पाथरी. त्याची करामत अजून अवघड, प्रत्येक श्लोकाचा पहिला अर्धा उलटा केला की त्याच श्लोकाचा दुसरा अर्धा मिळतो. "तं भूसुतामुक्तिमुदारहासं वंदे यतो भव्यभवं दयाश्रीः" हा राम, भूसुता म्हणजे सीता. शेवटाकडून अक्षर अक्षर वाचत या, "श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम्", हा कृष्ण.

आणि हा सूर्यकवी होता कोण? ज्योतिषी आणि गणिती. भास्कराचार्यांच्या लीलावतीवर त्यानं १५४१ मध्ये गणितामृतकूपिका नावाची टीका लिहिली. आता लीलावतीत उलट गणिताची रीत आहे, उत्तर दिलंय, मूळ संख्या शोधा, तर गुणलं असेल तिथे भागा, मिळवलं असेल तिथे वजा करा, वर्ग असेल तिथे मूळ काढा. तिचं सूत्र वाचा: "छेदं गुणं गुणं छेदं वर्गं मूलं पदं कृतिम्, ऋणं स्वं स्वमृणं कुर्यात्". बघितलंत? छेद गुण, गुण छेद. ऋण स्व, स्व ऋण. (छेद म्हणजे भागणं, गुण म्हणजे गुणणं, ऋण म्हणजे वजा, स्व म्हणजे अधिक.) शब्दांचा क्रम उलटा केला तरी तेच! मधलं पण बघा, पद म्हणजे मूळ आणि कृति म्हणजे वर्ग, म्हणजे वर्ग मूळ मूळ वर्ग, तिथे अर्थच उलटसुलट सारखा. आणि त्याच सूत्रात पुढे 'विलोमे' हा शब्दसुद्धा आहे. ज्या माणसानं या श्लोकावर टीका लिहिली त्याच्या डोक्यात विलोमकाव्य कुठून आलं असेल, हे मला वेगळं सांगायला नको. माझं ठाम मत, हे काव्य गणिताच्या पोटी जन्मलंय. यावर संस्कृतवाले मला दरवेळी सांगतात की छे, हे माघ कवीच्या शिशुपालवध या महाकाव्यातल्या गतप्रत्यागत, म्हणजे उलटही वाचता येणाऱ्या, श्लोकांचं अनुकरण. असेल, माघ त्यानं वाचलेला असणारच. पण माघाच्या त्या सर्गात उलट वाचणं ही पन्नास कसरतींतली एक कसरत आहे, अख्खं काव्य एकाच उलट रीतीवर उभं करायची हौस गणित्याचीच.

या संस्कृतवाल्यांतलेच काही जण परत 'वंदे' असं छापलं की अंगावर येतात, म्हणे संस्कृतात अनुस्वार काय देता, परसवर्ण, म्हणजे पुढच्या अक्षराच्या वर्गातलं अनुनासिक, हवा, 'वन्दे' लिहा. लिहून बघा ना! व-न्दे उलटं केलं तर न्दे-व होतं आणि कृष्णाचा 'देवं' मोडतो. वं-दे लिहिलं तरच दे-वं. म्हणजे सूर्यकवी स्वतः तिथे टिंबच धरून चाललाय. श्रीः चा विसर्ग तो उलटताना सरळ सोडून देतो, चित्रकाव्यात, म्हणजे असल्या अक्षरांच्या कसरतींच्या काव्यात, तेवढी सूट असते.