शाळेतली शिक्षिका वंशभेदविरोधी प्रशिक्षणाच्या क्षेत्रात कशी पोहोचते? एखादं खरं उदाहरण आहे का?

आहे, जेन एलियट. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या राइसव्हिल या छोट्या गावात त्या तिसरीच्या वर्गाला शिकवत. ४ एप्रिल १९६८ ला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. भेदभाव सोसणं काय असतं हे मुलांना कळावं म्हणून दुसऱ्या दिवशी एलियट यांनी वर्गातल्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. सगळी मुलं गोरीच. एका रंगाची मुलं हुशार, त्यांना जास्त वेळ सुट्टी. दुसऱ्या रंगाच्या मुलांना सतत टोमणे. नंतर भूमिका उलटवल्या. काही तासांतच कमी लेखलेली मुलं अभ्यासात अडखळू लागली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण मुलं तीच होती, बदलली होती ती फक्त वागणूक.

१९७० मध्ये एबीसी वाहिनीने या वर्गावर माहितीपट केला आणि देशभर नाव झालं. गावात मात्र रोष पत्करावा लागला, त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही त्रास झाला. ऐंशीच्या दशकात शाळा सोडून त्या पूर्णवेळ कंपन्या, सरकारी कार्यालयं आणि विद्यापीठांमध्ये प्रौढांना हाच अनुभव देऊ लागल्या.

लहान मुलांना न विचारता असं दुखावणं योग्य का, हा आक्षेप तेव्हापासून आहे आणि मला तो रास्त वाटतो. म्हणून या वाटेने जायचं असेल तर आधी काही वर्षं वर्गात शिकवा. सत्रानंतर माणसांशी बोलायला वेळ ठेवा, दुखावलेल्याला तसंच घरी पाठवू नका. आणि एका दिवसाच्या कार्यशाळेवर थांबू नका. नेमणुका, बढत्या, शिक्षा यांचे नियम तपासायला त्या संस्थेबरोबर पुढेही काम करा.